दहा वर्षांतलं पहिलं गाणं

वसंता,

तुझ्या दुकानातलं शेवटचं घड्याळ नवव्या दिवशी बंद पडलं. वहिनींनीच मला सांगितलं. तू गेल्यापासून कुणी किल्ली दिली नाही आणि ती एकेक करून थांबत गेली. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे वहिनींना रोज सकाळी कळायचं की आज एक टिकटिक कमी झाली. आठव्या दिवशी तात्यांचं दुरुस्तीला आलेलं लंबकाचं घड्याळ तेवढं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी दहाव्याचं सामान काढता काढता त्यांचं लक्ष गेलं तर तेही गप्प. "भावजी," त्या मला म्हणाल्या, "त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की हे गेले." मला अजून तसं वाटलेलं नाही. का वाटत नाही ते तुलाच सांगायला बसलोय.

आपल्या रविवारच्या गाण्याच्या मंडळींनी तुझ्यावर लेख लिहायला सांगितला होता. तो मी लिहिला, रविवारी सर्वांपुढे वाचलाही. तू कुशल कारागीर, मनमिळाऊ सोबती, गाण्याचा दर्दी, असं सगळं त्यात आहे. तात्यांनी डोळे पुसले. तू असतास तर दुसऱ्याच वाक्याला जांभई दिली असतीस. हा लेख निराळा आहे आणि तो कुणाला वाचून दाखवायचा नाही.

दहा वर्षं झाली तुझ्या दुकानात फोनो आला त्याला. मुंबईहून बोटीने बाणकोट, तिथून खाडीने दासगाव आणि पुढे बैलगाडीने महाड, अशी ती पेटी आली तेव्हा तू कर्णा मांडीवर घेऊन गाडीत बसला होतास. नवरदेवाची स्वारी उतरावी तसे लोक जमले होते. त्याच वर्षी मार्गशीर्षात, भातझोडणी उरकल्यावर, आपण पाचसात जणांनी पहिल्यांदा गाण्यांचे क्रमांक लावले. रविवारची दुपार, दुकानाच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या, जमिनीवर घोंगडी आणि घोंगडीवर दुकानातल्या सगळ्या तबकड्यांची कागदी पाकिटं मांडलेली. मत द्यायला प्रत्येकाला सात हिरडे. ज्या गाण्यावर जीव असेल त्या पाकिटावर हिरडा ठेवायचा. ज्याच्यावर ढीग मोठा ते पहिलं आणि ते लागोपाठ तीनदा लावायचं. हा नियम तुझाच. तीनदा का, असं विचारलं की म्हणायचास, "एकदा कानाला, एकदा मनाला आणि एकदा जे आले नाहीत त्यांना." तेव्हा आम्ही हसायचो.

भांडणं तरी किती. तात्या सगळ्यांत वडील, बाजारात कापडाचं दुकान, पण त्या नाटकातल्या भैरवीपुढे लहान मूल व्हायचे. त्या तबकडीत एका जागी सुई अडकायची आणि तोच आर्त सूर पाचसहा वेळा यायचा. तात्या नेमके तिथे रडायचे. तू एकदा ती जागा दुरुस्त केलीस तर महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, रडायची जागा घालवलीस. माझी आवडती तोडी तुला दाढदुखीसारखी वाटायची. मी ती लावली की तू गालाला हात लावून बसायचास. दरवर्षी माझी तोडी चौथी आणि दरवर्षी मी तुझ्यावर लबाडीचा आळ घ्यायचो, की हिरडे वाटताना तू तुझ्या माणसांना जास्त देतोस. यंदा दहा वर्षं पुरी झाली म्हणून दहा वर्षांतली दहा गाणी निवडायची असं तू जाहीर केलंस. दोन महिने तुला दुसरा विषय नव्हता. लोक घड्याळ दुरुस्तीला घेऊन येत आणि तू त्यांना विचारायचास, "बोला, तुमचं पहिलं कुठलं?"

तुझं पहिलं कुठलं ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तू मुंबईहून आणलेली ती तबकडी. पाकिटावर छापलेलं, मिस मंजिरी. आपण कुणी ते नाव त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही ऐकलं नाही. चाल साधीच, साथीची पेटी जरा बेसूर, आणि आवाज कोवळा, कडेला किंचित खरखरीत. गाणं संपलं की शेवटी कर्रर्र असा कानात घुसणारा आवाज यायचा. त्या काळी गाणारे शेवटी आपलं नाव घेत, तिथे हिचं हे कर्रर्र. नवीकोरी तबकडी खराब केलीस म्हणून मी तुला बोललो होतो. तू म्हणालास, "सुई घसरली, मास्तर."

केसाएवढ्या चाकांशी खेळणारा घड्याळजी तू. तुझा हात घसरला यावर मी विश्वास ठेवला.

त्याच वर्षीच्या चैत्रात तू फोनोची पेटी कापडे गावाच्या वरच्या वाडीवर न्यायचं काढलंस. तिथल्या जत्रेत लोकांना गाणं ऐकवू म्हणालास. उन्हाने डोकं तडकत होतं. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढे पायी, आणि वाडीचा तो चढ. पेटी वाडीतल्याच धोंडूने डोक्यावर घेतली, कर्णा तू आणि तबकड्या घोंगडीत गुंडाळून मी. "ह्या माणसांना गाणं ऐकवण्यासाठी एवढा आटापिटा?" असं मी तीनदा विचारलं. तू नुसता घाम पुसायचास.

धोंडूच्या खळ्यात पेटी मांडली. पहिलं गाणं लागलं तशी कुत्री उठून गेली, आणि ती गेली ती थेट रानात. मग एक बाई पुढे आली आणि तिने कर्ण्यासमोर तळवा धरला. "वारा नाय लागत गो," ती मागे वळून म्हणाली. मग बायांची रांगच लागली. एकेक जण हात धरून बघायची आणि मान हलवून जागेवर जायची. आवाज आहे आणि श्वास नाही, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. एकीने पोराला पदराखाली घेतलं.

मग तू मिस मंजिरी लावलीस. घरातून जात्याची घरघर येत होती ती थांबली. धोंडूची आई, ठकूबाई, पिठाच्या हातांनी बाहेर आली. कर्ण्यासमोर येऊन तिने हात धरला आणि गाणं संपेतो तसाच धरून ठेवला.

"लागतो," ती म्हणाली.

"काय लागतो गो?"

"श्वास. माज्या पारूचा हाय."

धोंडू पाठमोरा बसला होता. वळला नाही. "आये, गप बस. ती आमाला मेली."

"मेली तर गाते कशी रे?" ठकूबाई म्हणाली. मग तिने तुलाच पुन्हा लावायला सांगितलं आणि बोट वर करून आम्हाला दाखवू लागली. "इतं बग. इतं दम घेतला. जात्याचा खुंटा वर येतो ना, तवा मी तितंच दम घेते. मीच शिकवलंय तिला. दुसरी कोन आसंल?"

पारू तिची मुलगी. त्याच्या चारपाच वर्षं आधी मुंबईला आतेकडे कामाला म्हणून गेली, तिथून नाटकवाल्यांबरोबर गेली असं कुणीतरी सांगत आलं, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद. एवढं मला तिथेच एका म्हाताऱ्याने कानाशी लागून सांगितलं. लोक ठकूबाईकडे कीव करून बघत होते. आता तू तिची नीट समजूत काढशील असं मला वाटलं, आणि तू म्हणालास, "व्हय गो आये. पारूच हाय."

खळ्यात हशा झाला. धोंडूही हसला. वेड्या म्हातारीला थापाड्या घड्याळजी भेटला, असा तो हशा होता.

उतरताना मी तुला फाडून खाल्लं. "तू ही थाप कशाला मारलीस?"

"मारली तर मारली. तुमचं काय गेलं, मास्तर?"

"ती उद्या मुलीला आणून दे म्हणेल. मग काय करशील?"

"नाही म्हणणार," तू म्हणालास. आणि खरंच, ती कधी म्हणाली नाही. ती फक्त दर मार्गशीर्षात डोंगर उतरून महाडास यायला लागली. मंडळींना लागणारे हिरडे तीच पिशवीत घेऊन यायची. दुकानाच्या पायरीवर बसायची, आत ये म्हटलं तरी यायची नाही. तू तिलाही सात हिरडे द्यायचास आणि ती सातही त्या एका पाकिटावर ठेवायची. माझा त्यालाही आक्षेप. तुझी थाप तर गावभर झाली. बाजारात कुणी फुशारकी मारायला लागला की दुसरा म्हणायचा, "हे कापड्याच्या पारूसारखंच दिसतंय." तू स्वतःही हसायचास.

आता ते शेवटच्या रविवारचं. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून चार दिवस मी हा कागद पुढे ओढलेला नाही.

तू दुकानाच्या भिंतीवर खडूने एक ते दहा आकडे लिहिले होतेस. जागा रिकाम्या. मी आलो तेव्हा एकच्या पुढे मिस मंजिरी लिहिलेलं. अजून मतं पडायची होती. मी उपरण्याने ते पुसलं. म्हणालो, लबाडीला क्रमांक मिळत नसतो. तू पुन्हा लिहिलंस. मी पुन्हा पुसलं. तू तिसऱ्यांदा खडू उचललास, आणि मी म्हणालो, "तुला स्वतःला मूल नाही म्हणून तू त्या म्हातारीच्या मुलीशी बाहुलीसारखा खेळतोस."

वहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. तू खडू फळीवर ठेवलास आणि डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडलंस. मी चहा न घेता निघालो. चौथ्या दिवशी तुला ताप चढल्याचं कळलं. आलो तेव्हा तू मला ओळखलं नाहीस. तुझा हात पांघरुणावर गोल गोल फिरत होता, हळूहळू, एकाच गतीने. वहिनी म्हणाल्या, कालपासून हे असंच चाललंय. फोनोला चावी देताना फिरतो तसा तो हात होता. मी तो धरला तरी माझ्या हातासकट फिरत राहिला.

क्षमा मागायची राहिली, वसंता. सरळ लिहितो. ते मी बोलायला नको होतं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला दुकानाची किल्ली दिली. मंडळींना तबकड्या लागतील, नेऊन ठेवा म्हणाल्या. दुपारची वेळ, तीन वाजले असतील. कदाचित नसतीलही, तुझ्या दुकानात प्रत्येक घड्याळाचं वेगळंच म्हणणं होतं आणि सगळी आपापल्या वेळेला थांबून माझ्याकडे बघत होती. फोनोवर फडकं टाकलेलं. ते काढलं तर वर एक तबकडी चढवलेली, सुई कडेला टेकवून ठेवलेली. तबकडी काढायची म्हणून मी काय धरलं कुणास ठाऊक, खिट्टी सरकली, आणि तबकडी फिरायला लागली.

मी चावी दिली नव्हती. तू अंथरुणाला खिळल्यापासून दुकानात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. ती चावी तू दिलेली होती. तू गेलास, दहावा झाला, तेरावा झाला, आणि तुझ्या हाताचा जोर त्या पेटीत तसाच गुंडाळलेला राहिला होता. तो माझ्यासमोर सुटत होता. 

मिस मंजिरीच होती ती. मी पुरं गाणं उभ्याने ऐकलं. ठकूबाईने दाखवली होती त्या प्रत्येक जागी तिने दम घेतला. गाणं संपत आलं तशी मी कर्रर्रची वाट बघू लागलो, आणि ते आलंच नाही. त्याऐवजी चावी सरत आली. आवाज जड व्हायला लागला, खाली खाली जायला लागला, पोरीचा बाईचा झाला, बाईचा पुरुषाचा झाला. आणि त्या तापातल्या पुरुषासारख्या आवाजात, एकेक अक्षर ओढत, कर्ण्यातून आलं, "मी... पारू... कापड्याची."

तबकडी थांबली. मी मोठ्याने "वसंता?" म्हणालो. भूतबित काही नसतं असं पोरांना वर्षानुवर्षं शिकवणारा मी, अनवाणीच पायरीवर येऊन बसलो. समोर बाजार होता, ऊन होतं, तात्यांचा गडी कापडाचा गठ्ठा उतरवत होता. 

बऱ्याच वेळाने आत जाऊन मी स्वतः चावी दिली. या वेळी शेवट नीट आला. तिचाच कोवळा आवाज, घाईघाईचा, कुणी तोंड दाबायच्या आत म्हणून टाकल्यासारखा. मिस मंजिरी म्हणायचं ठरलेलं असणार. तिने ऐन वेळी आईने ठेवलेलं नाव घेतलं. तबकडी करणाऱ्या साहेबाला मराठी कुठलं कळायला. मग मी फळीवरची नेहमीची तबकडी काढली आणि तुझंच भिंग डोळ्याला लावलं. गाणं संपतं तिथून बरोबर पुढे, सारख्या हाताने, बारीक हत्याराने खरवडलेलं होतं. गाण्याच्या एका रेषेलाही धक्का नव्हता.

मग मला सगळं एकदम कळलं. तू ते नाव इथे दुकानात एकट्याने ऐकलंस. कापड्याची पारू कोण याचा गुपचूप तपास केलास. धोंडूच्या घरात लग्नाच्या तीन मुली. त्यांची आत्या मुंबईत फोनोवर गाते हे तिच्याच तोंडून गावात ऐकू आलं असतं तर त्या मुलींना कुणी उंबऱ्यावर उभं केलं नसतं. म्हणून तू नाव खरवडलंस, आणि आईला मुलगी ऐकवायला ती पेटी त्या उन्हात त्या चढावर चढवलीस. खरं बोललास ते अशा रीतीने, की सगळ्यांना थाप वाटावी. त्याच तबकडीची न खरवडलेली दुसरी प्रत मागवलीस आणि ती एकट्याने ऐकत राहिलास. आणि मी तुला सात वर्षं सत्याचे धडे दिले.

त्याच क्षणी मी ठरवलं, की रविवारी मंडळींपुढे ही अख्खी तबकडी लावायची. सगळ्यांना तिचं नाव ऐकू दे. सगळ्या बाजाराला कळू दे की वसंता खोटं बोलला नव्हता. तुझ्याशी बोलायचं राहिलं त्याची भरपाई मला एवढीच करता येण्यासारखी होती. पण त्याआधी ठकूबाईला सांगायला हवं होतं, म्हणून दोन्ही तबकड्या घेऊन मी वाडीवर गेलो.

ती ओटीवर हिरडे निवडत होती. मला बघून उठली नाही. घोंगडीतल्या गुंडाळीकडे बघून म्हणाली, "तिला घेऊन आलास व्हय रे मास्तर?"

मी मान हलवली. तू गेल्याचं तिला कळलं होतं. तिने हातातला हिरडा खाली ठेवला. "ती मेली हाय ना रे?"

"असं कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? सात वर्सं आयकतंय. माजा आवाज बग, कसा फाटला. धोंडूचा बग. जित्या मानसाचा आवाज पिकतो रे. तिचा पिकंना. जवा बगावं तवा तेवडाच."

मी मास्तर, समजावायला लागलो. आवाज एकदा तबकडीवर उमटला की तो तसाच राहतो, माणूस तिकडे म्हातारं झालं तरी. पारू मुंबईत असेल, तिचाही आवाज आता पिकला असेल, पोरंबाळं असतील. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तसं आसंल तर एकदा तरी आली आसती," ती म्हणाली.

मी घोंगडी सोडायला लागलो.

"तुमी चावी देता नि तिला गावं लागतं. जितं आसंल तितून. दमली आसंल रे ती. मी वसंताला गेल्या साली बोल्ले, आता पुरं कर. तो बोल्ला, धा वर्सांची धा गानी निवडायची हायत, त्यात तिला पयला नंबर देऊ, तेवडं शेवटचं लावू, मंग तुज्या हातात देतो."

म्हणजे भिंतीवर तू खडूने लिहीत होतास ते हे. मी पुसलं ते हे.

मी तिला शेवटच्या नावाचं सांगितलं. वसंताने ते खरवडलं होतं हेही सांगितलं. "कंचं नाव?" तिने विचारलं.

"पारू. कापड्याची."

ती झटकन उठली. मला वाटलं रडेल. तिने घरात वाकून पाहिलं, तिची धाकटी नात आत कांडत होती, आणि दार ओढून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. "हळू बोल. पोरीची हळद हाय माघात."

"पण लोक वसंताला थापाड्या म्हणतात, ठकूबाई. तो खरं बोलला होता."

"म्हनू दे. मला बी येडी म्हनतात. तेवड्यावर दोन पोरी उजवल्या." तिने माझं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती. "वसंतानं येवडी वर्सं तोंड उगडलं नाय. तू बी उगडू नको. माज्या गळ्याची आन हाय."

मी दोन्ही तबकड्या तिच्या पदरात दिल्या. ती त्यांचं काय करणार हे मी विचारलं नाही. उतरायला लागलो, पहिलं वळण घेतलं आणि मागून जातं सुरू झालं. त्याच्यावर कुणीतरी गात होतं. कोवळा आवाज, कडेला खरखरीत, आणि खुंटा वर येईल तिथे दम. ती नात असणार. तिला आजीनेच शिकवलं असणार, दुसरं कोण शिकवणार? मी असं स्वतःला समजावत झपाझप उतरलो आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे पाहिलं नाही.

रविवारी मंडळी जमली. माझा लेख झाला, मग घोंगडीवर पाकिटं मांडली. मिस मंजिरीचं पाकीट मी रिकामंच ठेवलं होतं. ठकूबाई आली नव्हती. हिरडे घेऊन धोंडू आला होता आणि तिच्या जागी पायरीवर बसला होता. मतं पडायला लागली. तात्यांनी आपली भैरवी सोडून सातही हिरडे तुझ्या गाण्यावर ठेवले. मग एकामागून एक सगळ्यांनी तेच केलं. कुणी ठरवलं नव्हतं. ढीग घरंगळायला लागला, वसंता. माझ्या तोडीला एकही हिरडा नाही, माझासुद्धा नाही.

"लावा मास्तर, तीनदा," तात्या म्हणाले.

तबकडी फुटली, असं मी सांगितलं.  तात्यांनी उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाले, "तू त्याचा जिवलग. आता तो नाही, आता तरी सांग. त्या म्हातारीची पारू खरंच गात होती की त्याची थाप होती?"

पायरीवर धोंडू पिशवी झटकत होता तो थांबला. फळ्यांच्या भिंतीपलीकडे वहिनी होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"थाप," मी म्हणालो. "शुद्ध थाप. सात वर्षं मी त्याला हेच सांगत होतो."

सगळे हसले. प्रेमाने हसले, थापाड्या होता लेकाचा म्हणाले. धोंडूही हसला आणि पिशवी खांद्यावर टाकून गेला.

मंडळी पांगल्यावर मी फळ्या लावत होतो तेव्हा वहिनी दारात आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "भावजी," त्या म्हणाल्या, "आज तरी त्यांना तसं म्हणायला नको होतं."

मी काही बोललो नाही, वसंता. तूही कधी बोलला नव्हतास.